सहाशे पानं आणि अकरा तोंडं

ताई, नमस्कार.

मी गोरेगावला राहते, फोर्टात एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी करते. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी वाचनकट्टा भरतो. माझ्यासकट आम्ही अकरा जण. आजवर दीडशे-दोनशे पानांची पुस्तकं घेतली, चहा-बिस्किटं झाली, सगळे हसतखेळत घरी गेले. या खेपेला मी हट्टानं भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ घ्यायला लावली. पानं सहाशेच्या घरात, म्हणून तीन महिन्यांची मुदत दिली.

गेल्या रविवारी जे झालं ते लिहायलाही नको वाटतं. आयटीतला एक मुलगा साडेतीनशे पानांपर्यंत पोचला होता. तो म्हणाला, यातली दोनशे पानं उडवायला हवी होती, संपादक झोपला होता का? आमचे सर मराठीचे निवृत्त प्राध्यापक. ते म्हणाले, दोनदा वाचल्याशिवाय या पुस्तकावर बोलायचा कुणाला अधिकार नाही. मुलगा उठून निघून गेला. एका काकूंचं माहेर रावेरकडचं. त्यांनी फोनवर आईला पानंच्या पानं वाचून दाखवली होती. ते सांगताना त्या रडल्या. एक मैत्रीण एकशे बाराव्या पानावर थांबली, ती सगळ्यांना विचारत होती, मी वाचक म्हणून कमी पडते का? बँकेतल्या मॅडमनी तर पर्समध्ये मावावं म्हणून बाइंडरकडून पुस्तक कापून त्याचे तीन भाग करून आणले होते. ते बघून सरांचा पारा चढला. दोन काका नुसत्या शीर्षकावरून भांडले, दोघांनीही पुस्तक उघडलेलं नव्हतं. संपवलेले तिघंच : सर, काकू आणि या मॅडम. उरलेले तिघं गप्प. आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तेच सगळं पुन्हा चाललंय.

कट्टा बंद करू का? की मोठी कादंबरी घ्यायचीच नाही असं ठरवून टाकू? चूक कुणाची म्हणायची? पुस्तकाची, वाचणाऱ्यांची की माझी?

— एक कट्टेकरीण, गोरेगाव

प्रिय कट्टेकरीण,

कट्टा बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल.

पहिल्यांदा कापलेल्या पुस्तकाचा निकाल लावू, कारण त्याबद्दल माझं मत पक्कं आहे : मॅडमनी उत्तम केलं. सकाळी चर्चगेट गाडीच्या लेडीज डब्यात एका हातानं वरची कडी धरून दुसऱ्या हातात जाडजूड पुस्तक उघडं ठेवून बघा. मनगट भरून येतं, पान उलटायला तिसरा हात लागतो आणि अंधेरीला गर्दी आत घुसली की पुस्तक छातीशी धरून नुसतं उभं राहायचं, ते थेट दादरपर्यंत. दोनशे पानांचा भाग डब्याशेजारी पर्समध्ये बसतो. सरांना ती पुस्तकाची विटंबना वाटली असेल. पण प्रत मॅडमची, पैसे मॅडमचे, आणि अकरा जणांपैकी ज्या तिघांनी पुस्तक संपवलं त्यांत मॅडम आहेत. कोरी करकरीत प्रत कपाटात ठेवून तीन महिने तिच्याकडे बघत बसणाऱ्यापेक्षा हे कितीतरी बरं.

शिवाय लांबलचक कादंबरी एका दमात वाचून संपवायची असते हा समज तसा नवाच. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं लोकांपुढे आली. यमूचं पुढं काय होणार हे कळायला पुढच्या अंकाची वाट बघायची आणि मधल्या दिवसांत त्यावर बोलून घ्यायचं. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’चा सुरुवातीचा भाग १८६५ मध्ये रशियन मासिकात आला, अख्खं पुस्तक हाती यायला १८६९ उजाडलं. पहिल्या वाचकांना एवढी मोठी गोष्ट तुकड्यातुकड्यांनीच मिळाली.

तुम्ही काय केलंत? सहाशे पानं एकदम हातात दिलीत. तीन महिने कुणी कुणाशी त्याबद्दल बोललं नाही. आणि मग एका रविवारी, चहा निवायच्या आत, सगळ्यांकडून एकदम निकाल मागितलात. तीन महिन्यांचा साचलेला कंटाळा, आनंद, अपराधीपणा, ‘मला कळत कसं नाही’ची चिडचिड, सगळं एकाच दुपारी बाहेर पडलं. भांडण झालं नसतं तर नवल. म्हणजे चूक कुणाची विचाराल तर थोडी त्या वेळापत्रकाची आहे, आणि ते सुधारता येतं.

आता तो आयटीतला मुलगा. त्याचं बोलणं उद्धट असेल, पण तक्रार जुनी आणि प्रतिष्ठित आहे. रशियन लेखक तुर्गेनेव्हनं ‘युद्ध आणि शांती’ची फ्रेंच आवृत्ती फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरला वाचायला दिली. फ्लोबेरनं १८८० मध्ये त्याला कळवलं की पहिले दोन खंड अप्रतिम, तिसऱ्यात मात्र घसरण आहे, हा माणूस तेच तेच सांगतो आणि तत्त्वज्ञान झाडत बसतो. कौतुकही मनापासून आणि तक्रारही मनापासून, दोन्ही एकाच पत्रात. तेव्हा या मुलाला ‘तुला साहित्य कळत नाही’ म्हणून गप्प करू नका. त्याला एवढंच विचारा की कुठली दोनशे? पेन्सिल घेऊन बसू दे, पानांचे आकडे लिहून आणू दे. ‘दोनशे पानं जास्त झाली’ हे म्हणायला दोन सेकंद लागतात. अमुक पानापासून तमुक पानापर्यंत काढून टाका असं म्हणायचं तर ती पानं पुन्हा उघडावी लागतात.

माझा अंदाज सांगू? त्यानं खुणा केलेली अर्धीअधिक पानं तीच निघतील जी काकूंनी आईला फोनवर वाचून दाखवली. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, रावेर शेजारच्याच तालुक्यात. त्या भागातली शेती, बलुतेदार, नात्यागोत्यातली माणसं, बायकांचं बोलणं, शिव्या, म्हणी हे सगळं या कादंबरीत इतकं भरून आहे की बाहेरच्याला ती माहितीची गर्दी वाटते आणि त्या मातीतल्या माणसाला घरच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटतं. काकूंचे अश्रू खरे आणि मुलाची जांभईही खरी. यात कोण बरोबर हे ठरवायला बसलात तर पुढचा कट्टाही तसाच जाईल. त्याऐवजी दोघांना एकाच पानावर आणा. मुलानं खोडलेलं एखादं पान काकूंना मोठ्यानं वाचू द्या, त्यांच्या तोंडी त्या बोलीचे हेल येऊ द्यात. तेवढं ऐकून तो मत बदलेल असं मी म्हणत नाही. कदाचित तरीही तो म्हणेल की कमी केलं असतं तर चाललं असतं. म्हणू दे की.

या कादंबरीत लोक अडकतात ते कुठे, हेही बघण्यासारखं आहे. पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो, वडील आजारी असल्याचं कळतं, तो घराकडे निघतो. एवढं वाचून कुणीही म्हणेल, चला, आता हा घरी पोचणार आणि गोष्ट सुरू होणार. आणि मग गोष्ट पुढं जायच्या ऐवजी आडवी पसरत जाते. आठवणीतून आठवण, माणसातून माणूस, मध्येच हजारो वर्षं मागं. ज्याला ‘पुढं काय झालं’ हवंय तो हवालदिल होतो. त्यात आपण वाचणार गाडीत, रोज दहा-बारा पानं, मध्ये दोन दिवस सुट्टी, एक दिवस मेगाब्लॉक. तोवर कोण कुणाचा काका हे विसरायला होतं. यावर उपाय अगदी साधा : पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर नावं लिहीत जायची, नात्यांच्या रेघा मारत. तुमच्या कट्ट्यावर हे काम एकानं करून सगळ्यांना त्याचा फोटो पाठवला असता तर निम्मी माणसं तरली असती.

आणखी एक भानगड अपेक्षांची. नेमाड्यांची पहिली कादंबरी ‘कोसला’ १९६३ ची. ज्यानं ती कॉलेजात वाचली त्याच्या डोक्यात तिचा पंचविशीतला नायक पांडुरंग सांगवीकर कायमचा बसलेला. ‘हिंदू’ आली २०१० मध्ये, कित्येक वर्षं नुसती चर्चा होऊन. पुष्कळ जण खंडेरावात पांडुरंगला शोधत आले आणि तो सापडेना म्हणून रागावले. पुढे नेमाड्यांना २०१४ सालचं ज्ञानपीठ मिळालं, तेव्हा वेगळीच पंचाईत झाली. आता आवडली नाही म्हणायचीही चोरी. तुमच्या गप्प बसलेल्या तिघांपैकी एखाद्याचं तरी हेच झालं असणार, बघा विचारून.

एकशे बाराव्या पानावरच्या मैत्रिणीला माझा निरोप द्या. तुमच्या जवळच्या एखाद्या वाचनालयात जा म्हणावं आणि कुठलीही जाडी, नावाजलेली कादंबरी मागून घे. उघडू नको, आडवी धरून पानांची कडा बघ. सुरुवातीची शंभर-दीडशे पानं हाताळून करडी झालेली, कोपरे दुमडलेले, कुठे चहाचा डाग. पुढचा सगळा भाग पांढरा स्वच्छ. ही दादरच्या वाचनालयातही दिसेल आणि डोंबिवलीच्याही. एकशे बारावर थांबणाऱ्यांची संख्या दांडगी आहे, फक्त ती माणसं कट्ट्यावर येऊन तसं सांगत नाहीत. ही आली आणि बोलली. तिनं एकशे बारा पानं वाचलीत, तर एकशे बारा पानांवर बोलायचा तिला पूर्ण अधिकार आहे. अख्ख्या पुस्तकाचा निकाल तिनं देऊ नये, एवढंच. आणि तिनं तो दिलेलाही नाही, तिनं फक्त स्वतःला नापास केलंय. तिला विचारा, थांबलीस तेव्हा पानावर काय चाललं होतं आणि घरात काय चाललं होतं? मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, ऑफिसातलं मार्चएंड... पुस्तकं अशानंही अडतात, आणि त्याचं खापर उगीच एक तर लेखकावर फुटतं नाहीतर स्वतःवर.

शीर्षकावरून भांडलेल्या दोन काकांबद्दल मला फार बोलायचं नाही. पुस्तक न उघडता भांडता येईल असे विषय आपल्याकडे मुबलक आहेत, त्यांना नाक्यावर जाऊ दे. कट्ट्यावर चहा द्या, बिस्किटं द्या. बोलायची पाळी मात्र निदान पन्नास पानं वाचून आल्यावर.

सरांचं प्रकरण नाजूक आहे. ‘दोनदा वाचल्याशिवाय बोलू नका’ हे वाक्य वर्गात चालतं कारण वर्गातून कुणाला उठून जाता येत नाही. रविवारच्या दुपारी माणसं आपखुशीनं आलेली असतात. पण सरांना दुखवून गप्प बसवलंत तर तुमचंच नुकसान. त्यांनी हे पुस्तक खरंच दोनदा वाचलं असेल तर त्यांच्याकडे द्यायला पुष्कळ असणार, ते फटकाऱ्यात वाया जातंय. ग्रुपवर काही लिहू नका, तिथे लिहिलेलं दहा जण वाचतात आणि मागं घेता येत नाही. फोन करा. म्हणा, “सर, पुढच्या वेळी तुम्हाला सगळ्यात आवडलेलं एक पान तुम्ही आम्हाला वाचून दाखवाल का? दहा मिनिटं फक्त तुमची. ते पान का आवडलं, ते सांगा. तो मुलगा परत यावा असं मला वाटतं, आणि तुम्ही बोलावलंत तर तो येईल.” शेवटचं वाक्य गाळू नका. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एखादा विद्यार्थी निघून गेलेला आवडत नाही. त्या रविवारी घरी गेल्यावर त्यांनाही चुटपुट लागली असेल.

इथवर तुम्ही विचारलेलं झालं. आता न विचारलेलं.

तुमचं पत्र मी पुन्हा एकदा बारकाईनं वाचलं. त्यात प्रत्येकाचं मत आहे, कोण कितव्या पानावर थांबलं तेही आहे. मॅडमनी पुस्तकाचे किती भाग केले हेसुद्धा. तुमचं स्वतःचं मत मात्र शोधून सापडत नाही. ‘हट्टानं घ्यायला लावली’ एवढंच. आणि संपवलेले तिघंच, असं तुम्हीच लिहिता आणि नावं देता. त्यात तुम्ही नाही.

तर, कट्टेकरीण बाई, तुमचं पान कितवं?

मी हे तुम्हाला पकडायला विचारत नाही. पण तुमची घालमेल कुठून येते ते मला इथं दिसतंय. ज्यानं पुस्तक सुचवलं तो आपोआप त्याचा वकील होतो. कुणी म्हणालं ‘कंटाळवाणं आहे’ की आपल्यालाच कुणी कंटाळवाणं म्हटल्यासारखं लागतं. त्यात आपलंच वाचून पूर्ण झालेलं नसलं तर मग ना धड बचाव करता येत, ना ‘हो, मीपण अडकले’ म्हणता येत. त्या दुपारी मुलगा उठून गेला तेव्हा तुम्ही त्याला थांबवलं नाहीत, सरांनाही आवरलं नाहीत, असं पत्रावरून दिसतं. मला वाटतं तुम्ही त्या वेळी मनातल्या मनात प्रार्थना करत होतात की कुणी आपल्याला शेवटाबद्दल काही विचारू नये.

पुढच्या खेपेला सगळ्यात आधी तुम्ही बोला. ‘मी इतक्या पानांवर आहे, इथवर हे आवडलं, इथं कंटाळले, आणि सुचवली तेव्हा मी तिच्याबद्दल फक्त ऐकून होते.’ (शेवटचं खरं असेल तरच. पण बहुतेक खरंच असावं.) हे एवढं तुमच्या तोंडून बाहेर पडलं की एकशे बारावाली मैत्रीण ताठ बसेल आणि ते तीन मौनी बाबा तोंड उघडतील. कट्ट्याच्या म्होरक्यानंच अर्धवट वाचलेलं कबूल केल्यावर बाकीच्यांना नाटक करायची गरज उरत नाही. सर थोडे नाक मुरडतील. मुरडू द्या.

आणि माझं मत हवं असेल तर, मला ही कादंबरी आवडते, पण सगळी नाही. गावातली माणसं एकामागून एक येऊन आपापली गाऱ्हाणी सांगतात तिथे मी जेवणाची वेळ विसरते. जिथे माणसं बाजूला सारून विचारांची भाषणं सुरू होतात तिथे मी भराभर पानं उलटते आणि त्याबद्दल मला काडीची लाज वाटत नाही. सहाशे पानांत लेखक कधी ना कधी आपल्याशी न जुळणाऱ्या वाटेनं जाणारच. तिथं थोडं पुढं धावून पुन्हा त्याला गाठायचं, हे मोठी पुस्तकं वाचणारे सगळेच करत आले आहेत.

बाकी व्यवस्था अशी करा. ‘हिंदू’ सोडू नका आणि संपवायची सक्तीही करू नका. तिचे चार भाग पाडा, दीडशे पानांचा एक, दर महिन्याला एक. मॅडमच्या बाइंडरचा पत्ता ज्यांना हवा त्यांना द्या. प्रत्येकानं येताना एकच पान घेऊन यायचं, आवडलेलं किंवा चीड आणणारं, आणि ते वाचून मग बोलायचं. ‘आवडली की नाही’ हा प्रश्न चौथ्या महिन्यापर्यंत कुणी विचारायचा नाही, सरांनीसुद्धा नाही. जे पुढं वाचणार नाहीत त्यांनीही यायचं, त्यांना ऐकायला आवडेल ते ऐकतील आणि त्यातला एखादा मध्येच पुन्हा पुस्तक उघडेलही. व्हॉट्सॲपवर तारीख, वेळ आणि हॉलची किल्ली कुणाकडे आहे एवढंच. मतं सगळी समोरासमोर.

मोठी कादंबरी पुन्हा घ्यायची की नाही हे आत्ता ठरवू नका, डोकं तापलेलं असताना घेतलेले असे ठराव टिकत नाहीत. ‘हिंदू’नंतरचं पुस्तक निवडायचं काम मात्र त्या आयटीतल्या मुलाला आजच देऊन टाका, जाडी कितीही असो. अट एकच : त्याच्या पुस्तकाला कुणी नावं ठेवली तर त्यानं शेवटच्या चहापर्यंत बसायचं.